भिंतीआधीचा दरवाजा

माझी नात सहा वर्षांची आहे. मागच्या उन्हाळ्यात ती सुट्टीला आली, तेव्हा तिला स्कूटरवर पुढे उभं करून शहर दाखवायला निघालो. आमचं शहर दरवाजांचं, त्यामुळे शहर दाखवायचं म्हणजे दरवाजे दाखवायचे, हे ओघानं आलंच. भडकल गेटपाशी स्कूटर थांबवली. तिनं मान मागं टाकून वरपर्यंत कमान पाहिली. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि विचारलं, ''नाना, दरवाजा आहे, मग भिंत कुठंय?''

मी याच शहरात वाढलो. त्या कमानीजवळून शाळेत गेलो, कॉलेजात गेलो, नोकरीला गेलो. पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. घाईघाईनं मी तिला सांगून टाकलं, ''पडली बेटा, जुनी झाली होती.'' तिचं समाधान झालं. माझं मात्र झालं नाही. कारण मी तिला खरं उत्तर दिलं नव्हतं. शहराची भिंत पडली हे खरं, पण या दरवाजाची भिंत पडली नाही. हा दरवाजा उभा राहिला तेव्हा शहराला भिंतच नव्हती. ती आली सत्तर वर्षांनी. म्हणजे आधी दरवाजा आणि मग भिंत, असा हा उलटा हिशेब आहे. तो तुम्हाला समजावून सांगावा, म्हणून आज हे बोलतो आहे.

औरंगाबाद, म्हणजे २०२३पासूनचं छत्रपती संभाजीनगर, बावन्न दरवाजांचं शहर म्हणून ओळखलं जातं. या बावन्नात शहराच्या तटाचे मोठे दरवाजे आले, मोहल्ल्यांचे आले, हवेल्यांचे आणि पेठांचेही आले. चार दिशांना चार मुख्य दरवाजे. उत्तरेला दिल्ली दरवाजा, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण आणि पश्चिमेला मकाई. ज्या दिशेला तोंड, त्या दिशेच्या मोठ्या गावाचं नाव. आता एसटी स्टँडवर फलाटांवर जसे पाटे लावलेले असतात, तसे हे त्या काळचे पाटेच म्हणायचे. फरक एवढाच की मकाई दरवाजाचा पाटा थेट मक्केचा होता.

तटाचा दरवाजा ही काय चीज असते, हे आधी नीट पाहू. किल्ला बांधणाऱ्याला एक पेच कायम असतो. तट हवा तेवढा जाड करता येतो, हवा तेवढा उंच करता येतो. पण त्याला भोक पाडल्याशिवाय आत राहणाऱ्यांचं चालत नाही. धान्य आत यायला हवं, शेण-कचरा बाहेर जायला हवा. लग्नाची वरात त्यातूनच येणार आणि जनाजाही त्यातूनच जाणार. म्हणजे साऱ्या तटात जी जागा सर्वांत गरजेची, तीच सर्वांत कच्ची. शत्रूचा डोळाही तिथंच. त्यामुळे गवंड्याची आणि सुताराची सगळी हुशारी हा कच्चेपणा झाकण्यात खर्च होते.

दोन्ही अंगांना बुरूज काढायचे. दाराशी येऊन भिडलेल्या माणसावर मग दोन्हीकडून मारा करता येतो. कमानीच्या वर चर्या आणि त्यांत जंग्या, म्हणजे बंदुकीची नळी बाहेर काढता येईल एवढी तिरपी भोकं. आतल्याला बाहेरचा दिसतो, पण बाहेरच्याला आतला दिसत नाही. लाकडी दारांवर अणकुचीदार लोखंडी खिळे, हत्तीनं मस्तक टेकवून रेटा देऊ नये म्हणून. दाराच्या मागं आडवा अडसर. दिवसा तो भिंतीतल्या खोबणीत सरकवून ठेवायचा, रात्री ओढून घ्यायचा. मोठ्या दारातच एक छोटी दिंडी. अवेळी आलेल्या माणसाला तिच्यातून एकेकटं आणि वाकून आत यावं लागे. वाकलेल्या माणसाला तलवार उपसता येत नाही, एवढा साधा विचार त्यामागं आहे. आत शिरलं की दोन्ही बाजूंना देवड्या. तिथं पहारेकरी बसायचे. चिलीमही तिथंच ओढायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूसही तिथंच करायची.

आमच्या दिल्ली दरवाजासमोर किंवा मकाई दरवाजासमोर उभं राहिलं, की यातल्या पुष्कळ गोष्टी आजही बोट दाखवून सांगता येतात. मकाईच्या पायाशी खाम नदी आहे आणि नदीवर पूल. म्हणजे वेगळा खंदक खणायची गरजच पडली नाही, नदीनंच ते काम केलं. पुलावर आलेला माणूस वरच्या पहारेकऱ्याच्या नजरेत आपोआप येतो.

जाता जाता शब्दांकडेही बघा. दरवाजा, कमान, बुरूज हे शब्द फारसी-अरबीकडून आले. तट, दिंडी, अडसर हे इथले. मराठीत किल्ल्याचा दरवाजा उघडायचा तर दोन्हीकडचे शब्द एकत्र आल्याशिवाय तो उघडत नाही. मी घरी दखनी बोलतो आणि कविता मराठीत लिहितो. लोक मला अधूनमधून विचारतात, हे कसं जमतं? मी त्यांना म्हणतो, दरवाजातली दिंडी जशी जमते तसंच.

तर हे झाले भीतीपोटी बांधलेले दरवाजे. यात कमीपणा काही नाही, भीती ही शहराच्या पाचवीला पुजलेली असते. पण भडकल दरवाजाची जात वेगळी. तो तटाच्या रेषेत नाही, आत आहे. आणि तो भीतीपोटी नव्हे, विजयाची खूण म्हणून उभा राहिला. साल १६१२. बांधणारा मलिक अंबर.

या माणसाची कहाणी शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपते. मलिक अंबर हा इथिओपियात, म्हणजे त्या वेळच्या हबश मुलुखात, १५४८च्या सुमारास जन्मला. त्याचं मूळ नाव चापू असल्याचं सांगतात. लहानपणीच तो विकला गेला. तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरातून बगदादेत आणि तिथून पुढं दख्खनमध्ये, असा हातोहात विकत आला. बगदादच्या मालकानं त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. दख्खनमध्ये त्याला विकत घेतलं ते अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानं, आणि गंमत म्हणजे हा पेशवाही एके काळी विकत आलेला हबशीच होता. मालकाच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला. शिपाईगिरी करू लागला. काही काळ विजापूरकडे राहिला आणि पुन्हा निजामशाहीत आला. हळूहळू त्यानं स्वतःचं पथक उभं केलं.

१६०० साली अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती पडला. त्याआधी चांदबीबी मारली गेली होती. निजामशाही संपली असंच सगळ्यांनी धरलं. अंबरनं ते धरलं नाही. निजामशाही घराण्यातल्या एका तरुणाला त्यानं आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावानं राज्य चालवायला सुरुवात केली. राजधानी परंड्याहून जुन्नर, जुन्नरहून दौलताबाद अशी फिरत राहिली. दौलताबादजवळ खडकी नावाचं खेडं होतं. १६१० साली तिथं त्यानं नवं शहर वसवायला घेतलं. आज मी ज्या शहरातून बोलतो आहे, ते हेच.

शहर नवं होतं, घरं चढत होती, आणि तेवढ्यात मुघलांची मोठी चढाई आली. बेत जहांगीर बादशहाचा होता आणि कागदावर चांगला होता. एक फौज गुजरातेतून अब्दुल्लाखानानं नाशिक-त्र्यंबकच्या वाटेनं आणायची. दुसरी खानदेश-वऱ्हाडाकडून राजा मानसिंह, खानजहान लोदी वगैरे सरदारांनी आणायची. दोघांनी एकमेकांना खबर देत देत पुढं सरकायचं, आणि ठरल्या दिवशी अंबरला दोन्हीकडून कैचीत धरायचं.

पण अब्दुल्लाखानाला घाई झाली. विजयात वाटेकरी नको, असंही मनात असेल. घाट ओलांडल्यावर त्यानं दुसऱ्या फौजेची खबर घेतलीच नाही, आणि हे जहांगीरनं आपल्या आत्मचरित्रात चिडून लिहून ठेवलं आहे. अंबरनं त्याच्याशी मैदानात लढाई दिली नाही. त्यानं आपले हलके घोडेस्वार सोडले. त्यांत मराठे बारगीर होते, याच मातीतले, प्रत्येक ओढा न् खिंड ठाऊक असलेले. दिवसा बाजूनं टोचायचं, रसद कापायची, मागं राहिलेल्यांना उचलायचं. रात्री तळावर बाण सोडायचे. बाण म्हणजे दारूचे अग्निबाण. ना शत्रूला झोप, ना घोड्यांना दाणावैरण. दौलताबादेजवळ येईपर्यंत फौज अर्धमेली झाली आणि दुसऱ्या फौजेचा पत्ता नाही. अब्दुल्लाखान बागलाणमार्गे गुजरातेकडे परत फिरला, आणि अंबरचे स्वार वाटभर त्याच्या मागं होते. त्याची ही गत ऐकून दुसरी फौजही माघारी वळली.

पुढे ज्याला आपण गनिमी कावा म्हणून अभिमानानं सांगतो, त्याचा हा फार मोठा प्रयोग होता. तो एकट्या कुणाचा नव्हता. हुकूम हबशी सेनापतीचा, घोडे आणि घोडेस्वार दख्खनचे, गादी निजामशहाची. भोसले घराण्याचा आणि अंबरचा संबंध तर सर्वांना माहीत आहे. पुढे १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथं कामी आले. शहरातल्या जुन्या वस्त्यांची नावं मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा अशी आहेत. मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांवरून ती पडली, अशी जुनी नोंद आहे. हे सगळं गोड-गोड होतं असं मी म्हणत नाही. सरदार बाजू बदलत, अंबरही कठोर वागे. पण १६१२चा विजय सगळ्यांनी मिळून मिळवलेला होता, आणि भडकल दरवाजा ही त्याची खूण आहे.

आता दरवाजाकडे या. उंच, टोकदार कमान. खाली जाडजूड काळा पाषाण. कमान उभी कशी राहते, हे मला एका म्हाताऱ्या गवंड्यांनी समजावलं होतं. आम्ही त्यांना मिस्त्रीचाचा म्हणत असू. त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवली आणि म्हणाले, ''दोन पडणारी माणसं एकमेकांच्या अंगावर रेलली, की दोघंही पडत नाहीत.'' कमानीचा प्रत्येक दगड पाचरीसारखा घडवलेला असतो, वर रुंद आणि खाली निमुळता. आधी लाकडी सांगाडा उभा करायचा, त्यावर दोन्ही बाजूंनी दगड रचत आणायचे आणि अगदी वर मधला अखेरचा दगड ठोकून बसवायचा. तो बसला की सांगाडा काढून घ्यायचा. मग प्रत्येक दगड खाली पडायला बघतो, पण शेजारच्यामुळे पडू शकत नाही. भार सरकत सरकत दोन्ही खांबांवर येतो आणि खांबांतून जमिनीत जातो. वरचं ओझं जेवढं, तेवढे दगड एकमेकांना घट्ट धरतात.

दगडांच्या मध्ये चुना. हा पानाला लावायचा चुना नव्हे. भट्टीत भाजलेला, भिजवून मुरवलेला, विटांची भुकटी घालून बैलाच्या घाणीत मळलेला. त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा असं काय काय घालत. हा चुना एकदम कडक होत नाही. हवा खात खात वर्षानुवर्षं पक्का होत जातो. आणि पक्का झाला तरी थोडा लवचीक राहतो. उन्हाळ्यात दगड फुगला, थंडीत आकसला, तर चुना ते सोसतो. आत शिरलेलं पाणी त्यातून वाफ होऊन बाहेर पडतं.

या कमानीवर नौबत वाजायची. पुढे जवळच्या टेकाडावर अंबरनं नौखंडा महाल बांधला, आणि हा दरवाजा त्या महालाकडे जाणारा मोठा दरवाजा झाला. त्यावरच्या नगारखान्यात नगारे झडत. जुन्या इंग्रजी दप्तरात याचं नाव 'बरकल' असं येतं. लोकांच्या तोंडी त्याचं 'भडकल' झालं. नौबत वाजवणं हा त्या काळी राज्यकर्त्याचा मान होता, ज्याला त्याला तो मिळत नसे. जरा विचार करा, मोख्याच्या बाजारात ज्या मुलाची किंमत ठरवली गेली, त्याच्या दरवाजावर ठरल्या वेळी नौबत झडत होती. ते ऐकायला त्याचे आईबाप नव्हते, एवढंच.

आज मराठीत 'ही नौबत आली' असं आपण वाईट वेळेलाच म्हणतो. तीही वेळ या दरवाजावर आली. १६१६ साली मुघल फौजेनं अंबरचा पराभव केला आणि खडकीत घुसून शहराची राखरांगोळी केली. फौजेचा सेनापती होता शाहनवाजखान, म्हणजे ज्यांचे दोहे आपण पाठ करतो त्या अब्दुर्रहीम खानखानांचा मुलगा. अंबरनं पुन्हा शहर बांधलं. १६२१ साली शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, याच्या फौजेनं ते पुन्हा उद्ध्वस्त केलं. अंबरनं तिसऱ्यांदा बांधायला घेतलं. तटबंदी नसलेल्या शहराची ही किंमत होती. पण त्याचं बळ तटात नव्हतंच, फिरत्या घोड्यांत होतं. शहर सोडायचं, माणसं आणि घोडे वाचवायचे, शत्रू थकून गेला की परत यायचं. शिवाय शहराची मुळं त्यानं जमिनीखाली घातली होती. डोंगरातलं पाणी भुयारी नहरीनं शहरात आणलं होतं. वरची घरं जाळता येतात, खालचं पाणी जाळता येत नाही.

जहांगीरला हा माणूस शेवटपर्यंत सापडला नाही. आत्मचरित्रात तो अंबरचं नाव शिवीशिवाय घेत नाही, आणि शिवी बहुधा त्याच्या काळ्या रंगावरूनच असते. त्यानं आपल्या दरबारी चित्रकाराकडून, अबुल हसनकडून, एक चित्र काढून घेतलं. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. प्रत्यक्षात जे जमलं नाही, ते रंगात करून घेतलं. खरा अंबर १६२६ साली म्हातारपणानं वारला आणि खुलताबादेत त्यानं स्वतःसाठी बांधलेल्या मकबऱ्यात गेला. तेव्हा मुघल दरबाराच्याच इतिहासकारानं, मुअतमदखानानं, त्याच्या रणकौशल्याची आणि कारभाराची मनमोकळी तारीफ लिहून ठेवली.

अंबरच्या मागं त्याच्या मुलानं, फतेहखानानं, शहराला फतेहनगर केलं. १६५३ साली औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि फतेहनगरचं औरंगाबाद झालं. १६८२ साली त्याच्याच काळात शहराभोवती तट पडला, साधारण चौदा फूट उंचीचा, जागोजाग बुरूज असलेला. तोवर भडकल दरवाजानं सत्तर पावसाळे काढले होते. २०२३ साली शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. म्हणजे खडकीपासून चार नावं या कमानीनं ऐकली.

मग तो तट गेला कुठे? तट लढाईनं पडला नाही, शांततेनं पडला. तोफा सुधारल्या, राज्यं बदलली, शहर तटाबाहेर वाढलं, आणि चौदा फुटी भिंत कुणाच्या कामाची राहिली नाही. अशी भिंत म्हणजे घडवलेल्या दगडांचा फुकटचा ढीग. कुणाच्या जोत्याला चार दगड, कुणाच्या विहिरीला दहा. कुठं रस्ता आडवा आला म्हणून पाडली. दरवाजे मात्र मागं राहिले, कारण त्यांचा उपयोग संपला नव्हता. भिंत अडवते, म्हणून अडचण होते. दरवाजा वाट देतो, म्हणून तो राहतो. बैलगाड्या गेल्या, टांगे गेले, सायकली गेल्या, रिक्षा आल्या, वाट तीच राहिली.

आता मात्र वाट देणंच दरवाजांच्या जिवावर उठलं आहे. कमान बांधली तेव्हा तिच्याखालून जाणारं सर्वांत मोठं वाहन म्हणजे अंबारीचा हत्ती. हत्ती खांबाला घासून जात नाही, ट्रक जातो. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका दरवाजाच्या खांबाला असाच मालाचा ट्रक घासला आणि कोपऱ्याचा दगड निखळला. दरवाजाचं नाव सांगत नाही. मी तिथून चाललो होतो. एक तुकडा उचलून पाहिला, त्याला जुना चुना अजून चिकटलेला होता. नखानं खरवडला तरी निघेना. कमानीत प्रत्येक दगड शेजाऱ्याच्या आधारानं उभा असतो, हे मघाशी सांगितलं. म्हणून एक दगड निखळणं ही एका दगडाची गोष्ट नसते.

दुसरा शत्रू पिंपळ. पाखराच्या विष्ठेतून बी सांध्यात पडतं, दोन पानं फुटतात, दिसायला छान दिसतं. दहा वर्षांत तेच मूळ पहारीसारखं दगड उचकटतं. तिसरा शत्रू सिमेंट, आणि तो मित्राच्या वेषात येतो. मिस्त्रीचाचा म्हणायचे, ''सिमेंट हा तापट जावई आहे. चार दिवस घर भक्कम वाटतं, मग तो दुसऱ्या कुणाला हलू देत नाही.'' सिमेंटमधून पाणी बाहेर पडत नाही, ते आत कोंडतं आणि बाजूचा दगड, जुना चुना कुजवतं. म्हणून जुन्या बांधकामाची डागडुजी चुन्यानंच व्हायला हवी. अलीकडच्या वर्षांत स्मार्ट सिटीच्या कामात शहरातल्या काही दरवाजांची डागडुजी झाली, हे चांगलं झालं. पण चुन्याचं काम एकदा करून विसरायचं काम नव्हे. घरावरची कौलं जशी दर पावसाळ्याआधी चाळतो, तशी याचीही निगा लागते.

चौथ्या शत्रूचं नाव घेताना मला माझंच नाव घ्यावं लागेल. कॉलेजात असताना आम्ही काही मुलांनी कविसंमेलन भरवलं होतं. खिशात पैसे नव्हते. रात्री बादलीभर खळ शिजवली आणि पत्रकं घेऊन निघालो. सर्वांत जास्त रहदारी कुठं, तर दरवाजांपाशी. आम्ही एका दरवाजाच्या दोन्ही खांबांवर माणसाच्या उंचीपर्यंत पत्रकं डकवली. माझंही नाव त्यावर होतं, पहिल्यांदाच छापलेलं. सकाळी मुद्दाम जाऊन बघून आलो. आठवड्यानं मिस्त्रीचाचा भेटले. रागावले नाहीत. मला तिथं घेऊन गेले आणि पत्रक काढायला सांगितलं. मी नखानं, मग किल्लीनं खरवडू लागलो. कागदाबरोबर सांध्यातला चुनाही भुरभुरत येऊ लागला. ते म्हणाले, ''बेटा, तुझी कविता आठ दिवस टिकली. तिच्यापायी किती गेलं बघ.'' मी उरलेली पत्रकं पाणी मारून, ओल्या फडक्यानं, दोन दिवस बसून काढली. डाग तरीही राहिलाच.

भडकल दरवाजासमोर आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला तिथं पाय ठेवायला जागा नसते. खेड्यापाड्यांतून माणसं येतात, लेकराबाळांसह रांगेत उभी राहतात. त्यांच्यातल्या फार थोड्यांना समोरच्या कमानीचा इतिहास ठाऊक असेल. पण मला ती जागा फार बरोबर वाटते. जन्मानं जिची किंमत ठरवली गेली, अशा दोन माणसांच्या खुणा तिथं समोरासमोर आहेत. एकाला बाजारात विकलं, दुसऱ्याला शाळेत वेगळं बसवलं. दोघांची वाट वेगळी, काळ वेगळा, तुलना करायची नाही. तरी जयंतीच्या दिवशी ढोलताशांचा आवाज त्या कमानीवर आदळून परत येतो, तेव्हा मला वाटतं, बऱ्याच वर्षांनी इथं नौबत झडते आहे.

तर नातीच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. ती या दिवाळीत पुन्हा येणार आहे. तिला तिथं घेऊन जाईन आणि मागच्या वेळी चुकीचं सांगितलं होतं, हे कबूल करीन. म्हणेन, बेटा, या दरवाजाला भिंत नव्हतीच. लांबून आलेल्या एका माणसानं आणि इथल्या माणसांनी मिळून एक लढाई जिंकली होती, तिची ही आठवण. मग कमानीकडे बोट करून विचारीन, तो वरचा अखेरचा दगड दिसतो का? आणि सांध्यात कुठं पिंपळाची दोन पानं दिसली, तर तेही मला सांग, म्हणेन. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)